आधी विचारा, मग सुई टोचा: अ‍ॅलर्जी शिबिरे भरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यात अ‍ॅलर्जी तपासणीची शिबिरे भरवणारे लॅबचालक, त्यांची गावोगावची कलेक्शन सेंटरे, आणि या शिबिरांना हॉल, माईक व खुर्च्या देणारे पालक-शिक्षक संघ, देवस्थान समित्या आणि मंडळे यांस,

स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी आमच्या शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रंगीत पत्रक आले. ‘रक्ताचे काही थेंब, ३०० अ‍ॅलर्जी, एकच टेस्ट! चवथीपूर्वी आपल्या मुलाला सुरक्षित करा.’ खाली रविवारची वेळ, शाळेचा हॉल, सवलतीचा दर. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मी उठून विरोध केला. ‘चांगल्या कामात खोडा घालू नका’ असे सांगून मला बसवले. ठराव एकमताने मंजूर झाल्याची नोंद इतिवृत्तात आहे. एकमत नव्हते, कारण मी होते. म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे.

मी फोंडा तालुक्यातली. आमच्या महिला स्वयंसहाय्य गटाकडे तीन शाळांच्या माध्यान्ह आहाराचे काम आहे. पाव पोदेराकडून येतो, भाजी आम्ही करतो. पहाटे चारला कांदा चिरायला बसणारी बाई तुम्हाला लॅबच्या गोष्टी काय शिकवणार, असे वाटेल. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे. नोकरी लागली नाही म्हणून कढईकडे वळले, आणि त्याचे दुःखही नाही. यंत्राला मी भीत नाही एवढेच सांगायचे होते.

या तपासणीलाही माझा विरोध नाही. अ‍ॅलर्जी होणाऱ्याच्या शरीरात आयजीई नावाची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार होतात. १९६६-६७च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी ती वेगवेगळी शोधली. पुढे एकेका पदार्थाविरुद्धचे आयजीई रक्तातून मोजता येऊ लागले. एक पदार्थ, एक चाचणी, एक बिल असा तो प्रकार. नव्या चिपवर शेकडो बारीक ठिपके असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे कशाचा तरी अर्क, किंवा त्या अर्कातले एकच निवडून शुद्ध केलेले प्रथिन. त्यावर रक्तजल, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेला पाणीदार भाग, सोडले की ज्याच्याशी जुळणारे आयजीई रक्तात असेल ते त्या ठिपक्याला चिकटते आणि यंत्र ते मोजते. एक चिप ११२ प्रथिने तपासते, दुसरी सुमारे ३०० अर्क आणि प्रथिने. रक्तजल लागते १०० मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी, म्हणजे दोनच थेंब. ज्याचे अंग एक्झिमाने भरले आहे, ज्याला खाजेच्या गोळ्या आठवडाभर थांबवणे जमत नाही, त्याची त्वचेवरची टोचणी-चाचणी, म्हणजे कातडीवर अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचण्याची, नीट होत नाही. तिथे ही चिप खरोखर कामाची. जिवावर बेतलेली अ‍ॅलर्जी नेमकी कशाने आली याचा पत्ताच लागत नसेल, तिथेही.

हे सगळे मला नंतर कळले. आधी काय झाले ते ऐका.

गेल्या वर्षी मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नात माझ्या मुलाने काजूची वडी खाल्ली. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. दहाएक मिनिटांत ओठ जाड झाले, कानामागून मानेपर्यंत गांधी उठल्या, एक उलटी झाली. सासूबाईंनी आमसुले भिजवून तो कोळ अंगाला चोळला. तासाभरात सगळे उतरले. ‘उन्हाचे पित्त’ म्हणून विषय मिटला. मी त्यांना दोष देत नाही. गांधी म्हणजे पित्त आणि पित्ताला आमसूल, हे आमच्या घरातले तीन पिढ्यांचे गणित आहे. माझ्या मनात मात्र काजू राहिला.

जूनमध्ये गावात असेच शिबिर भरले. त्या लॅबचे नाव मी लिहिणार नाही, कारण प्रश्न एका लॅबचा नाही. टेबलावर दोन तरुण, पुढ्यात नळ्यांचा स्टँड. फॉर्मवर नाव, वय, मोबाईल, पॅकेज एवढेच. मी त्या मुलाला काजूच्या वडीचे सांगू लागले. तो अगदी नम्रपणे म्हणाला, “मॅडम, रिपोर्टात सगळं येतं.” त्याच्यामागे चाळीस माणसे उभी होती. मी साडेतीन हजार भरले आणि बाजूला झाले.

सहा दिवसांनी फोनवर चौदा पानी रिपोर्ट आला. ४७ ठिकाणी पॉझिटिव्ह. तांदूळ, गहू, नारळ, वांगे, टोमॅटो, केळे, मूग, शेंगदाणा, सुंगटां (कोळंबी), कुर्ली (खेकडा), झुरळ, घरातल्या धुळीतले किडे. काजू नवव्या पानावर होता, पिवळ्या पट्टीत, ‘मध्यम’. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा हे शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. सोबत एक वेगळा कागद, त्यावर ठळक मथळा: ‘हे पदार्थ टाळा’. त्या कागदावर ४७ पैकी खाण्याजोगे सगळे होते. मी तोच कागद फ्रिजला लावला.

गोंयच्या घरात तांदूळ आणि नारळ बंद केल्यावर उरते काय, याचा विचार तो कागद छापणाऱ्याने केला असेल असे वाटत नाही. मुलाला वेगळे ताट. नाचणीची भाकरी, बटाटा, दूध, चिकन. श्रावणात चिकनही गेले. सणाच्या जेवणाला तो दारातल्या पायरीवर बसायचा, कारण आत आला की खावेसे वाटते. दोन महिन्यांत दोन किलो वजन उतरले. शाळेच्या पट्ट्याला मी खिळा तापवून नवे भोक पाडले, पंधरवड्याने आणखी एक.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तो शेजारी जेवून आला. भात, नारळ घातलेली डाळ, वांग्याचे काप. रात्री रडत कबूल केले. मी मध्यरात्रीपर्यंत त्याच्या उशाशी बसून राहिले. काही झाले नाही. चार दिवसांनी पाव खाल्ला, काही नाही. केळे, काही नाही. ‘रिपोर्टच खोटा’ असे नवरा म्हणाला, सासूबाई म्हणाल्या, शेवटी मीही म्हणाले. कागद फ्रिजवरून निघाला. नारळ सुटला, तांदूळ सुटला आणि त्यांच्या गर्दीत काजूही सुटला.

चवथीला मणगणे केले होते. हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचा रस आणि त्यात शिजवलेले काजू. माझ्याच हाताने वाटी भरून दिली. दोन चमचे खाल्ले असतील. “आई, गळ्यांत खाजता,” म्हणाला. मग आवाज घोगरा झाला, छातीतून शिट्टी वाजायला लागली, पोटावर गांधी, आणि मान टाकून तो माझ्या मांडीवर आडवा झाला. १०८ ला फोन केला. बाहेर धो धो पाऊस. रुग्णवाहिका आली, सरकारी दवाखान्यात पोहोचलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न विचारला, “काय खाल्लं?” मी म्हटले काजू. त्यांनी मांडीच्या बाहेरच्या अंगाला अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन दिले. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे चोवीस किलोच्या पोराला एका छोट्या अँप्यूलचा पाव भाग. दहा मिनिटांत शिट्टी थांबली. काही तासांनी पुन्हा उलटू शकते म्हणून रात्रभर ठेवून घेतले.

‘काय खाल्लं’ हा एक प्रश्न जूनमध्ये कोणी विचारला असता तर?

पुढे आम्ही अ‍ॅलर्जीचे डॉक्टर गाठले. त्यांनी सुईला हात लावण्याआधी चाळीस मिनिटे प्रश्नच विचारले. काय खाल्ले, किती, किती वेळाने त्रास सुरू झाला, किती वेळ टिकला, पूर्वी तेच खाऊन काय झाले होते. मग तुमचा तोच चौदा पानी रिपोर्ट मागितला आणि पेन्सिल घेऊन ४७ ओळींच्या तीन वाटण्या केल्या.

पहिली वाटणी गहू, मूग, वांगे, टोमॅटो या झाडपाल्याची. वनस्पतींच्या प्रथिनांना साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात. काही माणसांचे आयजीई या साखळ्यांनाच चिकटते. चिपवर अर्धा बाजार लाल दिसतो, ताटात सहसा काही होत नाही. हे आधीच अडवणारे द्रव्य असते, काही नव्या चिपच्या पद्धतीत ते वापरलेही जाते. तुमच्या रिपोर्टावर त्याचा उल्लेख नव्हता. तांदूळ आणि नारळ यांचे आकडे पॉझिटिव्ह ठरण्याच्या अगदी काठावर होते आणि तो जन्मापासून ते खात आला होता.

दुसरी वाटणी सुंगटां, कुर्ली, झुरळ आणि धुळीतले किडे यांची. ऐकायला विचित्र वाटते, पण या सगळ्यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे जवळपास सारखे प्रथिन असते. पावसाळ्यात गाद्या-उश्या दमट झाल्या की माझा मुलगा सकाळी वीस शिंका देतो. त्याचे आयजीई त्या किड्यांविरुद्ध तयार झालेले आणि चिपवर सुंगटांनाही ओळख दाखवते. सुंगटांचे हुमण तो ओरपून खातो, आजवर ओठही खाजला नाही. डॉक्टर म्हणाले, खाऊ दे.

तिसऱ्या वाटणीत एकटा काजू. त्यांनी टोचणी-चाचणी केली, पंधरा-वीस मिनिटांत हातावर गांध उठली. मग रक्तातून काजूचे ‘अ‍ॅना ओ ३’ हे प्रथिन वेगळे तपासून घेतले. हे प्रथिन भाजून, शिजवून बिघडत नाही. मणगण्यातला काजू वडीतल्या काजूइतकाच घातक होता तो त्यामुळे. निदान पक्के झाले. काजू कायमचा बंद, त्याच्या भावकीतला पिस्ताही बंद, बाकी सगळे चालू. पट्ट्याची दोन्ही भोके आता रिकामी आहेत.

तर माझ्या तक्रारी अशा.

पहिली. तुम्ही विचारत नाही. तपासणीच्या आधी माणसाची हकीकत हवी, हे अ‍ॅलर्जीच्या शास्त्रातले पहिले पाऊल. ज्याला काही त्रासच नाही त्याची ३०० पदार्थांसाठी तपासणी केली तर अनेकदा काही ना काही लाल येते. तुमच्या पत्रकात तर ‘त्रास असो वा नसो, एकदा करून घ्याच’ असे लिहिले आहे. हे वाक्य काढा.

दुसरी. तुम्ही पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जी असे सांगता. रक्तात आयजीई असणे म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे, एवढेच. खाल्ल्यावर त्रास होतो का हा वेगळा प्रश्न, आणि त्याचे उत्तर ताटात मिळते. शंका उरलीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे थोडे खाऊ घालून. तुमच्या लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांनी आणखी एक घोळ केला. लोक लालला जीवघेणे समजतात आणि पिवळ्याला किरकोळ. त्या आकड्यावरून पुढची रिअ‍ॅक्शन किती मोठी येईल ते ठरत नाही. आमचा पिवळा काजू १०८ मधून गेला, लाल गहू रोज डब्यात जातो.

तिसरी तक्रार माझ्या मावशीची. ती डिचोलीकडे काजूच्या कारखान्यात बी फोडायची. हाताला राख चोळून बसायची, तरी टरफलाच्या तेलाने बोटे उतायची, काळी पडायची, साल निघायची. बिब्बा उतल्यावर होते तसे. बिब्बा, काजू, आंबा एकाच कुळातले, हे आपल्या आज्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. मावशीने त्याच शिबिरात पैसे भरले. रिपोर्ट आला: काजू निगेटिव्ह. ‘तुम्हाला काजूची अ‍ॅलर्जी नाही’ म्हणून ती पुन्हा कामावर गेली आणि पंधरा दिवसांत दोन्ही मनगटांपर्यंत फोड घेऊन आली. टरफलाच्या तेलातली ती अ‍ॅलर्जी आयजीईची नव्हेच. ती उशिरा उमटते, आणि तिच्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन-चार दिवसांनी वाचायची पॅच टेस्ट असते. म्हणजे चाचणी बरोबर होती, प्रश्न चुकला होता. तिला कोणी विचारलेच नाही, की बाई, तू काजू खातेस म्हणून आलीस की फोडतेस म्हणून?

चौथी तक्रार स्वयंपाकीण म्हणून. शिबिरानंतरच्या पंधरवड्यात आमच्या गटाकडे एकोणीस चिठ्ठ्या आल्या. एक समोर ठेवूनच लिहिते. वहीचे फाडलेले पान, निळी शाई: ‘माझ्या मुलीस गहू, मूग, टोमॅटो, लसूण, खोबरे, झुरळ व घरातील धूळ देण्यात येऊ नये.’ झुरळ आणि धूळ आम्ही देत नाही हो, तेवढी खात्री बाळगा. पण बाकीचे वगळून पाव-भाजी करायची कशी? आम्ही सहा बायका. तीन शाळांना दहा वाजता जेवण पोहोचवायचे. त्या एकोणीस मुलांपैकी बहुतेकांनी महिनाभर मधल्या सुट्टीत फक्त बिस्किटे खाल्ली, आणि ती बिस्किटे गव्हाचीच. खरी भीती वेगळी आहे. त्या एकोणिसांत एखादे पोर माझ्या मुलासारखे असेल, खरोखरच एका पदार्थाने जीव जाईल असे. ते कोणते, हे त्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून मी कसे ओळखू? परवा एका आईने सांगितले, “त्या रिपोर्टात सगळ्यांनाच सगळं येतं, सोडून दे.” नेमके हेच आमच्या घरी झाले होते.

उगाच पदार्थ तोडण्याचा दुसराही तोटा आहे. पचत असलेला पदार्थ लहान मुलाला दीर्घकाळ बंद ठेवला तर शरीराची त्याच्याशी असलेली दोस्ती तुटू शकते, विशेषतः एक्झिमा असलेल्या मुलांत. २०१५ साली इंग्लंडमधला लीप नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० अर्भकांपैकी निम्म्यांना लवकर शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, निम्म्यांना पाच वर्षांचे होईतो दिले नाहीत. ज्यांना दिले त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कितीतरी कमी निघाली. तुमचा ‘टाळा’चा कागद याच्या बरोबर उलट दिशेने चालतो, तोही डॉक्टरांच्या सहीशिवाय.

पाचवी, थोडक्यात. याच टेबलावर काही जण ‘फूड इन्टॉलरन्स’ नावाचे आयजीजी पॅनेल विकतात. दिसायला तसाच रंगीत रिपोर्ट, नावात एका अक्षराचा फरक. आयजीजी म्हणजे तुम्ही तो पदार्थ खात आलात याची खूण. युरोप, अमेरिका, कॅनडातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी ही तपासणी करू नका असे स्पष्ट सांगितले आहे. ती तुमच्या यादीतून आजच काढून टाका, त्यासाठी बैठक लागत नाही.

आणि सहावी. पैसे घेताना माईक असतो, रिपोर्ट देताना फक्त लिंक येते. त्या चौदा पानांत श्वास अडकला तर काय करायचे याची एक ओळ नव्हती. १०८ नाही, अ‍ॅड्रेनलिन हा शब्द नाही, आडवे झोपवा, धाप लागत असेल तर टेकून बसवा, उठवून चालवू नका हे नाही. खाजेची गोळी देऊन वाट पाहत बसू नका, हेही नाही. तीनशे पदार्थांची नावे छापणाऱ्याला या चार ओळींना जागा मिळाली नाही.

तुमचे म्हणणे मी बैठकीत ऐकले. अ‍ॅलर्जीचे डॉक्टर गावोगाव नसतात, गरिबांना पणजी-मडगावच्या खेपा परवडत नाहीत, आम्ही सेवा दारात आणतो. यातले पहिले दोन मुद्दे खरे आहेत. बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जायचे म्हणजे कामाचा दिवस बुडतो, हे मला तुमच्याकडून ऐकायला नको. पण म्हणून दारात जे आणता ते पूर्ण आणा. नळीबरोबर विचारणारा माणूस आणा. माझे साडेतीन हजार, मुलाचे दोन किलो आणि चवथीची ती रात्र मिळून ही सेवा मला स्वस्त पडली नाही.

लॅबचालकांकडे माझ्या मागण्या या आहेत.

रक्त घेण्याआधी प्रत्येकाकडून एक पानी हकीकत भरून घ्या, मराठीत किंवा कोकणीत: काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, किती वेळा झाले. ज्याच्या पानावर काही नाही त्याचे रक्त घेऊ नका, पैसे परत करा.

शिबिरात अ‍ॅलर्जीचे काम जाणणारा डॉक्टर हजर ठेवा, आणि रिपोर्ट त्याने हकीकतीशी ताडून, सही करूनच द्या. त्याला येणे जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर बसवा, पण प्रत्येक पॉझिटिव्ह रिपोर्टामागे निदान पंधरा मिनिटे द्या.

रिपोर्टाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जीच असे नाही. आजवर त्रासाविना खात असलेला पदार्थ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. त्रास झालेला पदार्थ रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी पुन्हा खाऊन पाहू नका.’ कोणती पद्धत वापरली, साखरेच्या साखळ्या अडवल्या होत्या का, अर्क तपासला की एकेक प्रथिन, तेही लिहा. ‘टाळा’चा छापील कागद बंद करा. श्वास अडकल्यावर काय करायचे ते शेवटच्या पानावर चित्रांसह छापा.

एकाच पदार्थाचा संशय असेल तर त्याच एका पदार्थाची चाचणी सुचवा. ती स्वस्त पडते आणि तुमचे पॅकेज विकले जात नाही, हे मला समजते.

शाळांना, देवस्थान समित्यांना, मंडळांना वेगळे सांगते, कारण तुम्ही आपले आहात. तुमच्या हॉलमध्ये टेबल लागले की लोक ती तुमची शिफारस समजतात. मीही समजले होते. वरच्या गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय किल्ली देऊ नका. शिबिरातून मंडळाला देणगी येत असेल तर ती फलकावर लावा. आणि अ‍ॅलर्जीसाठी खरोखर काही करायचे असेल, तर शाळेतल्या दोन शिक्षकांना आणि आम्हा स्वयंपाक करणाऱ्यांना रिअ‍ॅक्शन कशी ओळखायची याचे तासाभराचे शिक्षण द्या. परदेशात मुले अ‍ॅड्रेनलिनचे तयार पेन दप्तरात ठेवतात. इथे ते सहज मिळत नाही, म्हणून आम्हाला दवाखान्यापर्यंतची मिनिटे मोजावी लागतात. ती मिनिटे कशी वाचवायची, एवढे शिकवा.

या पत्राची एक प्रत आरोग्य खात्याकडे देत आहे. शिबिराला परवानगी देताना हकीकतीचा कागद आणि डॉक्टरची सही या दोन अटी घालाव्यात, एवढीच तिथे विनंती केली आहे.

आमच्या गटापुरते आम्ही ठरवले आहे. यापुढे रिपोर्टाची छायाप्रत घेणार नाही. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली एक ओळ घेऊ: कोणता पदार्थ, पूर्वी काय झाले होते. ती ओळ असलेल्या मुलाचे जेवण वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने, आधी वाढले जाईल. आतापर्यंत अशा ओळी तीन आल्या आहेत. एक अंड्याची, एक दुधाची, एक माझ्या मुलाची. दुधाची पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. ती मुलगी एकोणिसांतलीच, आणि तिच्या चिठ्ठीत दूध अकरावे होते, लसणीच्या खाली.

रविवारी साडेआठला मी शाळेच्या फाटकाबाहेर बसणार आहे. घोषणा देणार नाही, कोणाला अडवणार नाही. चहाची किटली आणि छापलेले पन्नास कागद घेऊन येईन. कागदावर काय खाल्ले, किती वेळाने, काय झाले, किती वेळा, आता तो पदार्थ खाता का, असे पाच प्रश्न आहेत. आत जाणाऱ्या प्रत्येक आईला एक देईन. तुमच्या टेबलावरचे तरुण ते कागद घेऊन वाचतील अशी अपेक्षा आहे. त्यांच्यासाठीही चहा आणते.

आपली,
माध्यान्ह आहार करणारी एक पालक
फोंडा तालुका, गोवा